पाच घरांचं एक रान

आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी एका सकाळी आपापल्या रानांमधले बांध नांगरून टाकले. नांगर अण्णानं धरला होता. बैल भाऊगोंडाचे होते. दुपारच्या भाकरीपर्यंत पाच रानांचं एक रान झालं. त्या दिवसापासून आमच्या घरातलं सगळं बदललं.

अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ आणि भाऊगोंडा आमच्या चुलत्यांचा मुलगा. दोघं एकाच वर्षी जन्मले आणि एकाच ओढ्यात पोहायला शिकले. पुढे भाऊगोंडा चौथीनंतर रानात गेला आणि अण्णा कोल्हापूरला कॉलेजात. मी ट्रेनिंग होऊन निपाणीला मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. गाव दोन कोसांवर, कोगनोळीच्या बाजूला. शनिवारी शाळा सुटली की मी चालत घरी यायची आणि सोमवारी उजाडता परत जायची. म्हणून माझ्या आठवणीतले ते सगळे दिवस शनिवार-रविवारचे आहेत. मधल्या दिवसांत काय झालं ते मला अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, बोलण्यातून कळे, आणि पुष्कळदा तिच्या गप्प राहण्यातून.

आमचं घर तंबाखूचं होतं. निपाणीच्या आसपास राहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. माळ्यावर, अंथरुणात, पोथी बांधायच्या रुमालात, सगळीकडे तो उग्र, गोडसर वास भरलेला असे. परगावचा पाहुणा उंबऱ्यातच शिंकायचा आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, हसून म्हणायचे, "या, घरानं वळखलं तुमास्नी." आम्ही जैन. घरात तंबाखूला कुणी तोंड लावत नव्हतं, पण आमचं सगळं जगणं त्या पानावर होतं. पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय अव्वा हंड्यात घेत नसे, आणि फडक्यात राहिलेले सूक्ष्म जीव मरू नयेत म्हणून ते फडकं विहिरीच्याच पाण्यात हलक्या हातानं विसळून सोडत असे. संध्याकाळी सूर्य कलंडला की घरात एकच घाई उठायची. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची असत. जोंधळ्याची भाकरी, उडदाचं घुटं, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. ताटं घासून पालथी झाली की आप्पा ओट्यावर बसून पोथीतलं काही हळू आवाजात म्हणत, आणि गोठ्यातल्या घंटांचा आवाज त्यात मिसळून जाई. लढाईचे दिवस होते आणि रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळे इतर घरांतही लवकरच अंधार होई. भाऊगोंडा म्हणायचा, "सरकारनं सगळ्या मुलखाला जैन करून सोडलं बगा."

अण्णा कॉलेज अर्धवट सोडून आला तेव्हा त्याच्याकडे एक ट्रंक होती आणि तिच्यात तपकिरी कागदाची वेष्टनं घातलेली पुस्तकं होती. मधे काही महिने तो तुरुंगातही जाऊन आला होता. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. एवढंच म्हणायचा, की तिथे सगळ्यांची भाकरी सारखीच वाईट होती आणि तरी कुणी कुणाची चोरली नाही. तो बारीक झाला होता. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायचा. मला ती पुस्तकं त्यानंच वाचायला दिली. मी ती निपाणीच्या माझ्या खोलीत वाचत असे आणि शनिवारी वाटेत मनात प्रश्न घोळवत येत असे. जमीन कुणा एकाची नसावी, कामाचं फळ काम करणाऱ्या सगळ्यांचं असावं, हे वाचताना मला पटायचं. पण आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून डोळ्यांपुढे उभी केली, की तेच वाक्य मला पुन्हा वाचावं लागायचं.

अण्णा ते पुस्तकातलं म्हणून सांगत नसे. तो सावडीचं उदाहरण द्यायचा. आमच्याकडे भाऊबंद सावडीनं राबतात: आज सगळ्यांनी तुझ्या रानात, उद्या सगळ्यांनी माझ्या. अण्णा म्हणे, "आप्पा, सावड आपल्या आज्यापणज्यापासून चालत आली. माणसाला एकमेकांसाठी राबता येतं, ते काही मी परदेशातनं आणलेलं नाही. मी म्हणतो, त्यातलं आज तुझं आणि उद्या माझं तेवढं काढून टाकू. रोज सगळ्यांचंच."

आप्पा दोरखंड वळत होते. वळता वळता म्हणाले, "त्या उद्यावरच तर सावड हुबी हाय रं."

"म्हणजे?"

"उद्या हा माझ्यात येणार म्हणून आज मी त्येच्यात जातो. त्यो उद्या काढलास की त्येच्या रानात जायाला माझा पाय उचलंल काय, ते बगाय पायजे."

अण्णानं मग बस्तीतल्या प्रवचनाचा आधार घेतला. बस्ती म्हणजे आमचं टेकडीवरचं देऊळ. "पर्युषणात दरसाल अपरिग्रह ऐकता. माझं म्हणून काही ठेवू नये म्हणतात. मी दुसरं काय सांगतोय?"

"ते मुनीस्नी," आप्पा म्हणाले. "संसारी माणसाला परिग्रहाचं परिमाण सांगितलंय. मोजून ठेव, हाव धरू नगंस, एवढंच. आपल्या धर्मानं माणूस बगूनच व्रत बेतलंय. आणि काय रं, मुनी एकटा चालतो. पाच मुनींची एक गोठण कवा बगितलास?"

अण्णा हसला. आप्पाही हसले. त्या हसण्यात दोघांपैकी कुणीही हरलेलं नव्हतं. मी आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. या विषयावर पुढे मी पुष्कळ वाचलं आणि शहाण्या माणसांच्या सभांत मागच्या खुर्चीवर बसून पुष्कळ ऐकलं. पण ओट्यावर झालेल्या त्या बोलण्याहून फार पुढे गेलेलं मला काही सापडलं नाही.

गल्ली कबूल झाली ती मात्र सावडीमुळे नव्हे आणि अपरिग्रहामुळेही नव्हे. तंबाखूचा व्यापारी दरवर्षी एकेका घराला वेगळं गाठून दुसऱ्या घराचं पान स्वस्तात मिळतंय अशी भीती घाली. पाच घरांचा माल एक झाला तर तो कुणाला भीती घालणार, हे भाऊगोंडाला पहिल्यांदा पटलं. त्यानं ते चंपाकाकूला पटवलं. ती आमची विधवा चुलती, जिभेनं तिखट. उरलेली दोन घरं तिच्या धाकानं आली. आप्पा शेवटपर्यंत हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. बांध नांगरायच्या दिवशी ते रानाच्या कडेला उभे होते. आमच्या बांधावर अव्वानं तूर आणि अंबाडी टोकलेली असे, तिची वाळलेली खुंटं नांगराच्या फाळानं वर आली. अव्वा ती पदरात गोळा करत नांगराच्या मागून चालत होती. भाऊगोंडा ओरडला, "काकू, आता ती खुंटंबी पाच जणांची हायती!" अव्वा म्हणाली, "मग ये की चुलीम्होरं, पाचवा वाटा तुला फुकायला देते." सगळे हसले. तो दिवस आनंदाचा होता, हे मला आवर्जून लिहून ठेवलं पाहिजे, कारण नंतर त्याबद्दल बोलताना प्रत्येकानं तो वेगळा सांगितला.

पहिले महिने चांगले गेले. श्रावणात तंबाखूची लावण झाली. पंधरा-वीस बायका ओळीनं वाकून रोपं लावत ओढ्याकडे सरकत होत्या आणि गाणं या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होतं. पूर्वी ते बांधाशी तुटायचं. दुपारी जांभळीखाली सगळ्यांच्या भाकऱ्या एका फडक्यावर सोडल्या जात. कारळ्याची चटणी आमची, दही चंपाकाकूचं, अंबाडीची भाजी भाऊगोंडाच्या बायकोची. कुणी कुणाचं घेतलं हे कुणी बघत नव्हतं. मी एका शनिवारी थेट रानातच गेले होते. अण्णानं मला कोपरानं ढोसून त्या फडक्याकडे दाखवलं. "बघ," तो म्हणाला, "हे कुणी शिकवलं? स्वभाव स्वभाव म्हणतात, तो हा आहे." त्याच्या चेहऱ्यावर जो विश्वास होता तो मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. आप्पा शेजारीच जेवत होते. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "भाकरी उरती बाळ. उरत्यालं वाटाय सोपं असतंय." अण्णानं ते ऐकलं की नाही मला ठाऊक नाही.

तंबाखूचं पीक ज्याला माहीत नाही त्याला एवढं सांगायला हवं. झाड कमरेएवढं झालं की त्याचा शेंडा खुडतात, म्हणजे फूल येत नाही आणि सगळा जोर पानात उतरतो. पण शेंडा खुडला की पानांच्या बगलेतून फुटवे येतात. ते दर आठवड्याला काढावे लागतात, नाही तर पान पातळ होतं आणि फुटव्यांनाच फुलं येतात. हे काम दिसत नाही. केलं तर रानात काहीच नवं दिसत नाही, नुसतं हिरवं राहतं. वाकून वाकून पाठ जाते, आणि बोटांवर काळा चीक बसतो तो राखेनं घासूनही निघत नाही. त्या हातानं खाल्लेली भाकरी कडू लागते. लहानपणी कार्तिक महिन्यात अव्वानं भरवलेला घास मला कडू लागायचा, आणि मला वाटायचं की कार्तिकाची चवच ती.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी अण्णा आणि मी बस्तीला गेलो. दर्शन घेऊन मागच्या बाजूला कातळावर बसलो. तिथून खाली रस्ता, रान आणि ओढा सगळं एका नजरेत येतं. थंडीचं ऊन होतं. अण्णा काहीतरी सांगत होता, पुढच्या वर्षी सामाईक विहिरीचं काहीतरी, आणि बोलता बोलता थांबला.

रान फिकट गुलाबी दिसत होतं. तंबाखूचं फूल तसं नाजूक असतं. कुणा अजाणत्याला ते दृश्य सुंदर वाटलं असतं. फुटवे काढायचे राहिले होते. रस्त्याकडेच्या सऱ्या स्वच्छ होत्या, कारण येणारा-जाणारा बघतो. आत, जिथे कुणाची नजर पोचत नाही तिथे, फुलंच फुलं होती. पंधरा-वीस बायका रोज रानात जात होत्या, आणि मधलं दुसरी कुणीतरी करील असं प्रत्येकीला वाटत होतं. यात कुणाची लबाडी होती असं मला आजही वाटत नाही. पण अण्णा त्यामुळे थांबला नव्हता. त्यानं बोट केलं तेव्हा मला दिसलं, की त्या गुलाबी रानाच्या मधून एक पट्टा रस्त्यापासून ओढ्यापर्यंत गर्द हिरवा गेला आहे. त्यात एकही फूल नव्हतं. पट्ट्याच्या दोन्ही कडा दोरी धरल्यासारख्या सरळ होत्या. बांध जाऊन सहा महिने झाले होते, आणि आमचं रान कुठे होतं ते वरून स्पष्ट दिसत होतं.

आम्ही खाली उतरलो. दिवाळीमुळे त्या दिवशी रानात दुसरं कुणी नव्हतं. पट्ट्यात मधोमध अव्वा वाकलेली होती. कंबरेला ओचा खोचलेला, त्यात खुडलेले फुटवे. आमची चाहूल लागली तशी तिनं वर बघितलं. तिचे हात मनगटापर्यंत काळे होते.

"काय करालीस अव्वा?" अण्णानं विचारलं.

"फुटवे काढालेय की. तू चाललास कुटं उनाचं?"

"रोज येतीस?"

"सगळ्या यायच्या आदी एक घटकाभर येते. तुझं नाव खाली पडू नये म्हणून. पान चांगलं आलं न्हाय तर लोक तुलाच म्हंतील, ह्येनं घाट घातला आन् पीक बुडवलं."

अण्णा तिच्याजवळ गेला. त्यानं आवाज अजिबात चढवला नाही. "पण मग सगळ्या रानातले का नाही काढलेस? हेवढ्यातलेच का?"

अव्वानं आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. दोन्हीकडे तिच्या खांद्याएवढी फुलं होती. मग म्हणाली, "व्हय की रं. ते माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

ती खोटं बोलत नव्हती. तीस वर्षं तिचे पाय ज्या सऱ्यांतून चालले होते त्यांतूनच ते चालले, आणि जिथे ते नेहमी वळत तिथूनच वळले. तिथे आता बांध नाही हे तिच्या डोळ्यांना ठाऊक होतं. पायांना कुणी सांगितलं नव्हतं. अण्णानं तिच्या ओच्यातले फुटवे काढून घेतले आणि आम्ही तिघं घरी आलो.

पण बस्तीवर त्या दिवशी गल्लीतले आणखी लोकही गेले होते, आणि तो पट्टा त्यांनीही पाहिला होता. दुपारी आमच्या ओट्यासमोर सगळी गल्ली जमली. चंपाकाकू पदर खोचूनच आली होती. "आमी येड्या गं बाई, आमी मेलो सगळ्यांच्या रानात वाकून. आन् हितं बगा, पाटावरची देवी आपलंच नीट करून घेती!" तिची बोटं तेव्हा स्वच्छ होती, चिकाचा डाग नव्हता. ते तिथे जमलेल्या प्रत्येकाला दिसत होतं, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. तिच्या बोलण्यातला जो भाग खरा होता तो इतका खरा होता, की उरलेला खोटा आहे हे सांगून काही उपयोग नव्हता.

भाऊगोंडा मात्र ओरडला नाही. तो खाली मांडी घालून बसला. "अण्णा," तो म्हणाला, "मला हे मोडायचं न्हाय. व्यापारी आता येतोय. सुगीपतोर एकत्र ऱ्हाऊ. फकस्त काकूनं हितं सगळ्यांम्होरं म्हणावं की चुकलं, आन् उद्यापासनं चार दीस ती बाकीच्यांच्या रानातले फुटवे काढंल. म्हंजे सगळ्यांचं मन निवंल. आन् आमच्या बायकाबी येतील मग, लाजंकाजंनं."

मागणी मोठी नव्हती. आजही मला ती शहाणपणाची वाटते. अव्वा दारात उभी होती. ती लगेच पुढे आली आणि म्हणाली, "म्हंते की. त्यात काय झालं?" तिनं हातही जोडले होते. त्या काळ्या हातांकडे अण्णानं बघितलं. वर्षभर त्यानं ज्या एका गोष्टीसाठी उन्हातान्हात प्रत्येकाच्या दारी खेटे घातले, ती अजून त्याच्या हातात होती. नुसतं गप्प बसला असता तरी पुरलं असतं.

"नाही," अण्णा म्हणाला. "ती हात जोडणार नाही."

"का रं? चूक तर झाली की."

"झाली. पण सगळ्यांसमोर नाही."

"दुसऱ्या कुणाची झाली असती तर?"

अण्णानं अव्वाचे जोडलेले हात खाली केले.

"चंपाकाकूची झाली असती तर सगळ्यांम्होरंच बोलला असतास. मागं बोललास की, बैलाच्या वैरणीवरनं."

"ती माझी आई आहे, भाऊगोंडा."

भाऊगोंडा उठला. कपडे झटकले. तो रागावलेला नव्हता, त्याचा चेहरा उलट उतरलेला होता, कारण त्याच्याही हातून काहीतरी निघून चाललं होतं. तो म्हणाला, "व्हय ना? ती तुझी आई. मग ते माझं रान."

एवढं बोलून तो गेला आणि त्याच्यामागून सगळे गेले. ओट्यावर आप्पा होते. त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं. पण त्यांनी मुलाकडे बघितलंही नाही; आत जाऊन ते पाणी प्यायले आणि गोठ्यात निघून गेले. त्यांच्या हातून त्या दिवशी जनावरांची वैरण दोनदा टाकली गेली.

दिवस बुडायला आला होता आणि घरात कुणी जेवायचं नाव काढत नव्हतं. अण्णा परसात तांब्यानं अव्वाच्या हातावर पाणी घालत होता आणि ती चिंचेच्या कोळानं बोटं घाशीत होती. "उद्या जाऊन सगळ्यांच्यातले काढून येऊ काय रं?" ती म्हणाली. "मी एकटी काढते. कुणाला सांगाय नगं."

"तू काढशील ठाऊक आहे," अण्णा म्हणाला. "पण ते माझ्यासाठी काढशील."

"मग आणि कुणासाठी काढू?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. हे एवढंसं बोलणं मी दारात उभी राहून ऐकलं. त्यानंतर माणसाचा स्वभाव आणि समाजवाद यांवर कुणी माझ्यासमोर वाद घातला, की मला कोणत्याच बाजूनं बोलता आलेलं नाही. माणूस स्वार्थी आहे, म्हणून ते जमत नाही, असं म्हणणारे म्हणतात. अव्वा स्वार्थी नव्हती. दारातून भिकारी कधी रिकामा गेला नाही, आणि शेजारणीचं मूल तिनं आपल्या अंगावर पाजलं होतं. तिला लोभ नव्हता, तिला माया होती. आणि माया एका जागेवरून सुरू होते. लोभ वाईट आहे असं पुस्तकातून सांगता येतं, तो सोडा म्हणता येतं. मायेला काय सांगायचं, ते अण्णाच्या ट्रंकेतल्या कुठल्याही पुस्तकात मला आढळलं नाही. आणि अण्णाला स्वतःला तरी ते कुठे जमलं? बाकीच्यांनी जे रानाबद्दल सोडायचं होतं, तेच त्याला आईबद्दल सोडता आलं नाही.

सुगीनंतर बांध पुन्हा घातले. ते नेमके कुठे होते यावरून जी भांडणं झाली ती मी लिहीत नाही. पान पातळ आलं होतं आणि व्यापाऱ्यानं पुन्हा एकेकाला वेगळं गाठलं. अण्णा त्याआधीच शहरात गेला. तिथे त्याच्या विचाराची काही मुलं एका खोलीत राहत, एकत्र शिजवत आणि गिरणीतल्या कामगारांत काम करत. तो म्हणे, चूक रानात होती, जुन्या सवयीच्या मातीत होती; जिथे कुणाचं कधी काही नव्हतंच तिथे ते जमेल. कधीतरी सणाला यायचा. दर वेळी थोडा अधिक बारीक आणि थोडा अधिक गप्प. येताना त्याच्याकडे पिशवीही नसायची. भाऊगोंडाला भेटायला मात्र तो आवर्जून जायचा आणि दोघं गोठ्याच्या भिंतीला टेकून नुसते बसून राहायचे.

मग एका थंडीत, स्वराज्य आता मिळणार असं सगळे बोलत होते तेव्हा, रविवारी दुपारी एक अनोळखी तरुण आमच्या दारात आला. अण्णा विषमज्वरानं गेला हे त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. आठवडा झाला होता. सरकारी दवाखान्यात नेलं होतं, रात्रंदिवस पाळीपाळीनं बसलो, अग्नीही आम्हीच दिला, असं तो सांगत होता आणि सांगताना रडत होता. आप्पा खाली बसले. अव्वा रडली नाही. ती त्याच्या अंगातल्या कोटाकडे बघत होती. जाड तपकिरी लोकरीचा कोट. कोपराला ठिगळ होतं. ते तिनंच मागच्या सणाला तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाचं लावलं होतं.

तिची नजर त्याच्या ध्यानात आली. "आमच्यात कुणाचं वेगळं काही नसतं, आई," तो हळू म्हणाला. "ज्याला थंडीत बाहेर जायचं असेल तो कोट घालतो. त्यानंच हे ठरवलं होतं."

"बरं केलं," अव्वा म्हणाली. तिनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं. चूल पेटवून भाकरी केली आणि समोर बसून त्याला जेवू घातलं, दिवस बुडायच्या आत. तो नको म्हणत होता, तरी दही वाढलं. त्याचं जेवण होऊन तो हात धुऊन आला, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. तिचं माहेर सदलग्याचं. ती कन्नडात बोलली. "कोट कोडप्पा." त्या मुलाला कन्नड येत नव्हतं, पण त्याला समजलं. त्यानं कोट काढला आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला. खाली त्याच्या अंगात एक पातळ सदरा होता.

अव्वा आत गेली आणि आप्पांची नवी घोंगडी घेऊन आली. त्यानं ती परत सारली. "एवढी चांगली नको, आई. मी जाईन तसाच."

"घे," ती म्हणाली. "हे कुणाचंबी चालंल. ते न्हाय."

घोंगडी पांघरून तो कोगनोळीच्या रस्त्याला लागला. अव्वा परत आत आली, आणि मग तिचा आवाज सगळ्या गल्लीत ऐकू गेला. पहिल्यांदा धावत आला तो भाऊगोंडा.

कोटाला पुढे कसर लागली आणि तो गेला. आप्पा गेले, मग अव्वा गेली, भाऊगोंडाही गेला. गल्लीतली पाचांपैकी दोन घरं उघडी आहेत, त्यातलं एक माझं. अण्णाचा फोटो कधी काढलेला नव्हता. त्याला पाहिलेलं माणूस आता मी एकटी आहे.